पहिल्या भागातली लाच

चौकशीच्या खोलीत एक माणूस बसलाय. पळवून नेलेली एक लहान मुलगी कुठे आहे, हे त्याला ठाऊक आहे आणि तो तोंड उघडत नाही. नियमाप्रमाणे विचारून झालं, गोडीगुलाबीने झालं, दरडावून झालं. मुलगी अजून जिवंत असली तरी फार वेळ राहणार नाही, हे खोलीबाहेरच्या प्रत्येकाला कळतंय. शेवटी ठाण्याचा कॅप्टन डेव्हिड असेवेडा, ज्याला व्हिक मॅकी हा डिटेक्टिव्ह डोळ्यांसमोरही नकोसा आहे, तोच व्हिकला आत पाठवतो. व्हिक एक पिशवी घेऊन येतो आणि तिच्यातल्या वस्तू काढून टेबलावर मांडतो. त्यात एक जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी असते. तिचा उपयोग काय होणार, हे समोरच्या माणसाच्या आधी आपल्याला कळतं.

मुलगी सापडते. जिवंत.

‘द शील्ड’ या अमेरिकन मालिकेच्या पहिल्याच भागातला हा प्रसंग. प्रेक्षकाला इतक्या उघडपणे दिलेली लाच मी दुसऱ्या कुठल्याही मालिकेत पाहिलेली नाही. मुलगी वाचावी असं कुणाला वाटणार नाही? त्या माणसाबद्दल दया येण्यासारखं त्याच्यात काहीच नाही. आपण सुटकेचा श्वास टाकतो, आणि त्या क्षणी आपण काहीतरी घेतलेलं असतं. ते काय, ते त्याच भागाच्या शेवटी कळतं. व्हिकचं पथक एका अमली पदार्थ विकणाऱ्याच्या घरावर धाड घालतं. पथकात टेरी क्रॉली नावाचा नवा डिटेक्टिव्ह आलेला आहे. तो खरं तर असेवेडाने व्हिकविरुद्ध पुरावे गोळा करायला पेरलेला माणूस आहे, आणि व्हिकला हे कळलेलं आहे. धाडीत तो विक्रेता मारला जातो. व्हिक त्याचं पिस्तूल उचलतो, वळतो आणि टेरीच्या तोंडावर गोळी झाडतो. पोलिसाने पोलिसाचा केलेला थंड डोक्याने खून.

पहिल्या भागातच! पुढे सात पर्वं, ८८ भाग आहेत. १२ मार्च २००२ रोजी एफएक्स वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका २५ नोव्हेंबर २००८ रोजी संपली, आणि या सगळ्या काळात नायकाने काय केलंय हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. बहुतेक पोलीस मालिका खून आधी दाखवतात आणि खुनी शेवटी. इथे दोन्ही आधीच देऊन टाकलेलं आहे. मग लपवायला काय उरलं? माझ्या मते आपण स्वतः. हे सगळं माहीत असताना आपण व्हिकच्या बाजूने किती काळ उभे राहतो, तेवढंच ही मालिका तपासत राहते.

शॉन रायनने ती लिहायला घेतली तेव्हा तिचं कच्चं नाव ‘रॅम्पार्ट’ होतं, कारण लॉस एंजेलिस पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागातलं प्रकरण तेव्हा ताजं होतं. त्याबद्दल पुढे येतोच. मालिकेत त्या विभागाच्या जागी फार्मिंग्टन नावाची काल्पनिक वस्ती आहे, आणि जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेलं पोलीस ठाणं, ज्याला सगळे ‘बार्न’ म्हणतात. चित्रण १६ मिमी फिल्मवर, बहुतेक वेळा कॅमेरा हातात धरून. चौकट हलते, झूम अचानक पुढे जातो, कधीकधी बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापर्यंत कॅमेरा उशिरा पोचतो. त्यामुळे आपण घटनेला साक्षीला असल्यासारखे वाटतो, आणि साक्षीदार गप्प राहिला की त्याचं काय होतं, हाही प्रश्न मालिकेच्या पोटात आहेच.

मायकल चिक्लिसला व्हिकच्या भूमिकेसाठी २००२ मध्येच दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. त्याआधी नव्वदच्या दशकात तो एका मालिकेत प्रेमळ, गोल चेहऱ्याच्या पोलीसप्रमुखाच्या भूमिकेत लोकांना माहीत होता. इथे टक्कल, दंड, पुढे झुकून चालणं. पण मला त्याचं शरीर लक्षात राहत नाही, त्याचा आवाज राहतो. तो रस्त्यावरच्या वेश्येशी, तिच्या मुलाशी, एखाद्या घाबरलेल्या म्हातारीशी ज्या मायेने बोलतो, ती माया खोटी नाही. व्हिकला ढोंगी म्हणून मोकळं होता येत नाही, ही या मालिकेची खरी अडचण आहे आणि खरं बळही. त्याचा मुलगा मॅथ्यू स्वमग्न आहे. त्याच्या शिक्षणाचा खर्च पोलिसाच्या पगारात भागत नाही, आणि मुलावरचं त्याचं प्रेम शंभर टक्के खरं आहे. फक्त प्रत्येक वेळी ते प्रेम पावती म्हणून पुढे केलं जातं.

व्हिकचा हिशेब साधा आहे. वस्तीत अमली पदार्थ विकले जाणारच, मग ते आपल्या ओळखीच्या माणसाने विकावेत. तो शाळेपासून लांब राहील, गोळीबार करणार नाही, आणि आपल्याला आपला वाटा देईल. असं बोलणारा माणूस मूर्ख नसतो. त्याच्याकडे आकडे असतात, कमी झालेले गुन्हे असतात, खूश झालेले वरिष्ठ असतात. असेवेडाला राजकारणात जायचंय, त्याला हे आकडे हवे आहेत. तो पुढे नगरसेवक होतोही. व्हिकला संपवायचं आणि व्हिकच्या कामगिरीवर वर चढायचं, ही दोन्ही कामं तो एकाच वेळी करत असतो.

दुसऱ्या पर्वाच्या शेवटी पथक आर्मेनियन टोळीच्या काळ्या पैशाची गाडी लुटतं. मला हा भाग नेहमी विशेष वाटत आला आहे, कारण दरोडा यशस्वी होतो आणि तिथूनच सगळं बिनसायला लागतं. चार मित्र ढीगभर नोटांसमोर उभे आहेत आणि त्यांना त्या खर्चता येत नाहीत. पुढच्या पर्वात कळतं की त्यातल्या काही नोटांवर सरकारने आधीच खूण करून ठेवलेली होती. मग कोण कुणाला न सांगता थोडे उचलतो, कुणाच्या बायकोला संशय येतो, कोण रात्रभर जागतो. चौघांतला लेम, म्हणजे कर्टिस लेमान्स्की, सगळ्यांत दणकट आणि सगळ्यांत हळवा. तो आतल्या आत कुढायला लागतो. तिसऱ्या पर्वाच्या अखेरीला एके दिवशी तो बहुतेक सगळा पैसा भट्टीत टाकून जाळतो. बाकीचे पोचतात तोवर उशीर झालेला असतो. ज्या पैशासाठी त्यांनी जीव धोक्यात घातला त्याची राख झाली म्हणून ते हळहळत नाहीत. लेमने न विचारता निर्णय घेतला, याने ते हादरतात. त्या टोळक्यात विश्वास नावाची एकच गोष्ट शिल्लक होती आणि तीही त्या भट्टीत गेली. तिथून पुढचं प्रत्येक मरण या भट्टीपाशी येऊन थांबतं, असं मला वाटतं.

चौथ्या पर्वातल्या अँजीबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. अँजी ही शाळकरी वयाची मुलगी, व्हिकच्या पथकातून फुटून निघालेल्या शेन व्हेंड्रेलची खबरी. शेन आता स्वतःच्या जोरावर व्हिकसारखं व्हायला निघालाय आणि अँटवॉन मिचेल नावाच्या टोळीप्रमुखाशी त्याची हातमिळवणी चालू आहे. अँटवॉन शेनला आणि त्याच्या जोडीदाराला पकडतो, त्यांची पिस्तुलं काढून घेतो आणि त्यांच्यादेखत त्यांच्याच पिस्तुलांनी अँजीला मारतो. आता मृतदेहात पोलिसांच्या गोळ्या आहेत आणि मृतदेह अँटवॉनच्या ताब्यात. शेन त्याचा गुलाम. पुढच्या अनेक भागांत ती मुलगी म्हणजे एक ‘पुरावा’ असते. कुठे ठेवलाय, कुणाला सापडेल, कसा नाहीसा करायचा. पुन्हा पाहताना मला हे सोसवलं नाही, कारण पहिल्या भागात व्हिकच्या पद्धतीने एक मुलगी वाचली म्हणून आपण ती पद्धत मान्य केली होती, आणि त्याच पद्धतीचा विद्यार्थी इथे एका मुलीला मरणाच्या दारात नेऊन उभा करतो. मालिका हे दोन प्रसंग कुठेही शेजारी ठेवून दाखवत नाही, संवादातून सुचवतही नाही. जोडायचे असतील तर आपण जोडायचे.

याच पर्वात ग्लेन क्लोजने केलेली कॅप्टन मोनिका रॉलिंग येते. अमली पदार्थांच्या पैशातून आल्याचा संशय असलेली घरं आणि गाड्या जप्त करायच्या, आणि तो पैसा वस्तीवर खर्चायचा, ही तिची योजना. तिच्यात स्वार्थ नाही, हेतू स्वच्छ आहे, ती स्वतः त्याच भागात वाढलेली आहे. तरी जप्तीची गाडी दाराशी आली की रस्त्यावर येतात ती माणसं गुन्हेगाराच्या घरातली असतात, आणि ती सगळी गुन्हेगार नसतात. स्वच्छ हेतूने केलेल्या अन्यायाला इतकी जागा देणारी पोलीस मालिका विरळाच.

डच वॅगनबाखबद्दल थोडं. तो ठाण्यातला हुशार, पुस्तकं वाचणारा, सहकाऱ्यांच्या टिंगलीचा विषय झालेला डिटेक्टिव्ह. त्याचे हात स्वच्छ आहेत. एका खुन्याची चौकशी करताना जीव घेताना माणसाला काय वाटतं, हा प्रश्न त्याच्या डोक्यात रुतून बसतो, आणि एका रात्री तो भटक्या मांजराचा गळा आवळतो. मालिका यावर पुढे काहीही भाष्य करत नाही. तो सकाळी कामावर येतो. मला तो प्रसंग कथेला चिकटवलेला वाटत नाही. भ्रष्ट असणं आणि हिंसा आवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीपासून सुटलेला माणूस दुसरीपासून सुटलेला असेलच असं नाही, हे इथे दाखवून ठेवलंय.

आता जॉन कॅव्हना. पाचव्या पर्वात फॉरेस्ट व्हिटेकरने रंगवलेला अंतर्गत चौकशीचा अधिकारी. टेरीला कुणी मारलं, हे त्याला मनोमन कळलेलं आहे. तो बरोबर आहे! अक्षरशः प्रत्येक बाबतीत बरोबर आहे. आणि तरीही तो पडद्यावर आला की आपल्या कपाळावर आठी पडते. च्युइंग गम चघळत सावकाश बोलणारा, लेमवर दबाव आणणारा, व्हिकच्या घटस्फोटित बायकोच्या घरात शिरणारा हा माणूस कधी एकदा हरतो, असं वाटत राहतं. मी ज्यांच्या ज्यांच्याशी या मालिकेबद्दल बोललो, त्या जवळजवळ सगळ्यांची हीच भावना होती. ज्या एका माणसाला मेलेल्या टेरीची फिकीर आहे, तोच आपल्याला खलनायक वाटतो. घेतलेली लाच इथे वसूल होते. पुढे कॅव्हना इतका पिसाळतो की व्हिकला अडकवण्यासाठी स्वतःच खोटे पुरावे पेरतो, आणि मग ते कबूल करून तुरुंगात जातो. व्हिकने जे आयुष्यभर केलं ते कॅव्हना एकदा करतो, आणि त्याला ते पेलत नाही. माझ्या मनात त्याच्याबद्दल आज फक्त आदर आहे.

त्याच पर्वाच्या शेवटी शेन लेमला मारतो. लेम फरार आहे, दमलेला आहे, आणि तो पोलिसांपुढे सगळं ओकणार अशी शंका शेनच्या मनात पेरली गेलेली आहे. शेन त्याच्यासाठी खायला घेऊन येतो. लेम गाडीत बसून खायला लागतो. शेन बोलता बोलता हातबॉम्ब गाडीत टाकतो आणि मागे सरतो. स्फोटानंतर त्याच गाडीपाशी गुडघे टेकून तो मित्राची माफी मागत रडतो. शेन झालेल्या वॉल्टन गॉगिन्सने हे ज्या पद्धतीने केलंय, त्याला अभिनय म्हणणं मला अपुरं वाटतं. लेम तोंड उघडणार नव्हता, हे आपल्याला माहीत असतं. एका भीतीपायी सर्वांत चांगला माणूस गेला, आणि ती भीती टेरीच्या खुनाच्या दिवसापासून त्या चौघांबरोबर राहत होती.

कबुलीजबाबाचा प्रसंग शेवटच्या भागाच्या आधीच्या भागात आहे. केंद्र सरकारच्या आयसीई या स्थलांतर आणि सीमाशुल्क पाहणाऱ्या यंत्रणेशी व्हिकने करार केलेला आहे: तो जे जे सांगेल त्या कशाबद्दलही त्याच्यावर खटला होणार नाही. समोर ऑलिव्हिया मरे नावाची अधिकारी, टेबलावर रेकॉर्डर. व्हिक गप्प बसतो. इतका वेळ गप्प बसतो की दूरचित्रवाणीवर तशी शांतता क्वचितच कुणी सोसली असेल. मग तो टेरीपासून सुरुवात करतो. आणि बोलतच राहतो. सुरुवातीला ओझं उतरवतोय असं वाटतं, नंतर त्याच्या आवाजात वेगळंच काहीतरी यायला लागतं. एक प्रकारचा उत्साह, जवळजवळ अभिमान. सात पर्वांचे गुन्हे एकामागून एक मोजून ऐकायला मिळतात, आणि तेव्हा कळतं की आपण ते सगळे पाहिले होते, प्रत्येकाला काहीतरी कारण दिलं होतं, आणि एकत्र कधीच ठेवले नव्हते. मरेचा चेहरा पांढरा पडतो. तिने कोणाला माफी मिळवून दिली, हे तिला आत्ता कळतंय. पश्चात्ताप नसलेली कबुली इतकी सविस्तर मी आणखी कुठेही ऐकलेली नाही.

हे कल्पनेतून आलेलं नाही. लॉस एंजेलिस पोलिसांच्या रॅम्पार्ट विभागात गुंडटोळ्यांविरुद्ध ‘क्रॅश’ नावाचं खास पथक होतं. त्यातल्या राफाएल पेरेझ या अधिकाऱ्याला १९९८ मध्ये पुराव्यातलं कोकेन चोरल्याबद्दल अटक झाली. शिक्षा कमी व्हावी म्हणून १९९९ मध्ये त्याने तोंड उघडलं, आणि पेरलेली हत्यारं, खोटे अहवाल, मारहाण असं बरंच बाहेर आलं. सत्तरच्या आसपास पोलिसांची नावं आली, शंभराहून जास्त शिक्षा रद्द कराव्या लागल्या. १९९६ मध्ये पेरेझ आणि त्याच्या जोडीदाराने एका निःशस्त्र तरुणावर गोळ्या झाडल्या होत्या, त्याच्याजवळ बंदूक ठेवली होती आणि न्यायालयात खोटी साक्ष देऊन त्याला २३ वर्षांची शिक्षा लावली होती. तो कमरेखाली लुळा झालेला तरुण व्हीलचेअरमधून तुरुंगात गेला. सुटल्यावर शहराने त्याला १.५ कोटी डॉलर भरपाई दिली. ‘क्रॅश’ २००० मध्ये बरखास्त झालं. पेरेझला कोकेन चोरीसाठी ५ वर्षांची शिक्षा झाली. बाकीचं त्याने सांगितलं, म्हणून त्या करारानुसार राज्याच्या सरकारी वकिलांनी ते त्याच्याविरुद्ध वापरलं नाही; त्या तरुणावरच्या गोळीबारासाठी केंद्राच्या खटल्यात मात्र त्याला पुढे २ वर्षांची शिक्षा झाली. मरेच्या टेबलावरचा रेकॉर्डर मला त्यामुळे नाटकी वाटत नाही.

व्हिकला शिक्षा झाली की नाही, यावर लोक अजून वाद घालतात. तो तुरुंगात जात नाही. घटस्फोटित बायको कॉरीन मुलांना घेऊन साक्षीदार-संरक्षणात निघून जाते, त्याला पत्ता कळणार नाही. शेन बायको आणि मुलाला विष देऊन स्वतःला गोळी घालतो. व्हिकला ३ वर्षं सूट घालून एका कार्यालयातल्या खुर्चीत बसायचंय, अहवाल टंकायचेत, रस्त्यावर पाऊल ठेवायचं नाही. अनेकांना हीच मोठी शिक्षा वाटते. मला ते पटत नाही. खुर्ची ही शिक्षा वाटते ती व्हिकच्या नजरेतून पाहिलं तर. टेरीच्या किंवा लेमच्या बाजूने पाहिलं तर एक माणूस पगार घेत सुरक्षित बसलेला दिसतो. शेवटपर्यंत आपण त्याच्याच डोळ्यांनी पाहतोय, याचा हा आणखी एक पुरावा. रॉनी गार्डोकी, चौघांतला उरलेला, कराराबाहेर ठेवला गेला. ठाण्यातच, व्हिकसमोर, त्याच्या हातात बेड्या पडतात तेव्हा तो ओरडतो. रॉनीवर अन्याय झाला असं म्हणणारेही बरेच भेटतात. रॉनीने केलं ते त्याने केलंच होतं. फसवणूक झाली, अन्याय नाही.

मालिकेचं एक उणंही आहे. फार्मिंग्टनच्या लोकांना ती पुरेसा वेळ देत नाही. त्या वस्तीत बहुसंख्य माणसं लॅटिनो आणि कृष्णवर्णीय आहेत, आणि ती बहुतेक वेळा आरोपी, खबरी किंवा प्रेत म्हणून येतात. पोलिसांच्या घरातलं जेवणाचं टेबल आपण पन्नास वेळा पाहतो, अँजीच्या घरातलं नाही.

ही मालिका कुणी नव्याने पाहणार असेल तर त्याने व्हिकऐवजी क्लॉडेट विम्सकडे लक्ष ठेवावं, सीसीएच पाउंडरने केलेल्या. पहिल्या भागात असेवेडा तिच्याशी व्हिकबद्दल बोलतो तेव्हा ती खांदे उडवते. लोकांना गाडीपर्यंत सुखरूप पोचायचं असतं, त्यासाठी कुणी मार खाल्ला तर त्यांना चालतं, अशा अर्थाचं ती बोलते, आणि इतर पोलिसांचा न्याय करणं तिला आपलं काम वाटत नाही. म्हणजे ही मालिकेतली सर्वांत सरळ व्यक्तीही सुरुवातीला व्हिकला सोसून घेणाऱ्यांतलीच आहे. तिसऱ्या पर्वात तिला कळतं की सरकारकडून मिळणारी बचावाची एक वकील नशेत खटले चालवत होती. हे बाहेर काढलं तर जुने खटले पुन्हा उघडतील, तिने स्वतः पकडलेले गुन्हेगार सुटतील, आणि तिला मिळायचं ठरलेलं कॅप्टनपद जाईल. ती बाहेर काढते. पद जातं. सरकारी वकिलांचं कार्यालय तिच्या केसेस हातात घेणं बंद करतं, तिचा जोडीदार डच तिच्याबरोबर भरडला जातो आणि तिच्यावर चिडतो, ठाण्यातले बहुतेक तिला हट्टी म्हणतात. ती हटत नाही. पहिल्या भागातली खांदे उडवणारी बाई आणि ही बाई यांच्यातलं अंतर ती नेमकी कोणत्या भागांत कापते, हे शोधत पाहावं. त्यासाठी मालिका थांबून सांगत नाही, आणि तेव्हा पडद्यावर बहुतेक वेळा व्हिकच काहीतरी थरारक करत असतो.